दुधाच्या किटल्यांमधलं वॉर्सा

२०१९ च्या पुरात आमच्या कोल्हापूरच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ओसरल्यावर गल्लीत सगळे गाद्या, फ्रीज, धान्याचे डबे बाहेर काढत होते आणि मी पत्र्याच्या ट्रंकेतले कागद काढत होते. मोडी कागदपत्रं वाचून देणं हे माझं गेल्या पंचवीस वर्षांचं काम. भिजलेला कागद ओढायचा नसतो. थप्पी जशी आहे तशी उचलायची, मधे टीपकागद सरकवायचे आणि पंख्याखाली बसून एकेक पान सोडवायचं. तीन आठवडे लागले. काही पानांवर निळ्या डागापलीकडे काही उरलं नाही.

पुढे कधीतरी वाचनात आलं की पोलंडमधल्या वॉर्साच्या ज्यू घेटोत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी भिंतीआड कोंडलेल्या वस्तीत, माणसांनी आपल्या वस्तीची हकीकत लिहून, पत्र्याच्या पेट्यांत घालून जमिनीत पुरली होती. १९४६ मध्ये त्या पेट्या उघडल्या तेव्हा आत पाणी शिरलेलं होतं. हे वाचलं आणि हात तसेच राहिले. भाची नोकरीसाठी वॉर्सात राहायला गेली, तेव्हा तिला म्हटलं, मला बाकी काही दाखवू नकोस, एवढं दाखव. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाच दिवस मिळाले.

बुधवार: राडारोड्यावरचं गाव

सकाळी पोचले, आंघोळ केली, दोन पोळ्या खाल्ल्या आणि दुपारी आम्ही मुरानुव या जुन्या घेटोच्या भागात निघालो. ऊन होतं, पण वारा असा की कान दुखावेत. (एप्रिल म्हणून हलक्या कपड्यांवर जाऊ नका. स्वेटर, कानटोपी आणि पावसाचं जाकीट तिन्ही लागतात, तेही एकाच दिवशी. ट्रॅमचं तिकीट चढल्यावर यंत्रात छापून घ्यायचं असतं, ते विसरू नका.)

मुरानुव बघताना आधी काही जाणवत नाही. तीन-चार मजली साध्या इमारती, मधे गवत, झोपाळे, वाळत घातलेले कपडे. मग पायांना कळतं. रस्त्यावरून कुठल्याही इमारतीच्या दाराशी जायचं तर चढावं लागतं. कुठे सात पायऱ्या, कुठे दहा. हा चढ निसर्गाचा नाही. १९४३ मध्ये घेटो जाळून, सुरुंग लावून भुईसपाट केल्यावर जो राडारोडा उरला तो उचलण्यापलीकडचा होता. युद्धानंतर बोह्दान लाखेर्त या वास्तुरचनाकारानं त्याच ढिगांवर नवी वस्ती उभी केली, त्याच चुऱ्याच्या विटा पाडून. त्याची इच्छा होती की भिंतींना गिलावा करू नये, त्या लालसर विटा दिसत राहाव्यात. पुढे गिलावा झालाच. एका कोपऱ्यावर तो पडला होता आणि आतली वीट दिसत होती. भरड, मधेच काचेचा कण असलेली. मी तिथे हात लावून बराच वेळ उभी राहिले.

युद्धाआधी वॉर्सात साडेतीन लाखांहून जास्त ज्यू होते, शहरातला जवळजवळ दर तिसरा माणूस. जर्मनांनी शहर घेतल्यावर नोव्हेंबर १९४० मध्ये शहराच्या या भागाला दहा फुटी भिंत घालून तो बंद केला. आसपासच्या गावांतले ज्यूही आणून कोंबल्यावर आत साडेचार लाखांच्या घरात माणसं झाली. एकेका खोलीत सात-आठ जण. अन्नाचं रेशन एवढं तुटपुंजं की ते खाऊन जगणं शक्यच नव्हतं, जे जगले ते भिंतीखालून चोरून आणलेल्या बटाट्यांवर, आणि ते आणणारी बरीचशी लहान मुलं होती. भुकेनं आणि टायफसनं सुमारे १ लाख माणसं घेटोतच गेली. भिंत कुठून जात होती ते आज फुटपाथवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांवरून कळतं. त्यावरून सायकली जातात, बाबागाड्या जातात.

एका इमारतीपुढे एक आजी वाफ्यात खुरपत होत्या. भाचीला कामापुरती पोलिश येते. आम्ही कशासाठी आलोय हे तिनं सांगितल्यावर आजी उठल्या, गुडघे झटकले आणि हातानंच ‘थांबा’ म्हणाल्या. आतून मुरंब्याची एक बरणी घेऊन आल्या. बरणीत दाराची चिनीमातीची पांढरी मूठ होती, एक वाकलेला चमचा, वितळून गोळा झालेली हिरवी काच, दोन बटणं. सगळं त्यांच्या याच वाफ्यातलं. ‘मोठा पाऊस झाला की वर येतं,’ त्या म्हणाल्या. टाकवत नाही आणि द्यायचं कुणाला ते कळत नाही, म्हणून बरणीत ठेवलंय. त्यांनी ती मूठ माझ्या हातावर ठेवली. कुणीतरी रोज धरून दार उघडत असलेली मूठ. मी ती परत दिली तेव्हा त्यांनी ती पदराला पुसावी तशी एप्रनला पुसली आणि मगच बरणीत ठेवली.

नोवोलिप्की रस्त्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पूर्वीच्या ६८ क्रमांकाच्या घरात इथे शाळा होती आणि तिच्या तळघरात ते कागद पुरले होते. आता तिथे एक काचेची पेटी आहे, जमिनीत अर्धी गाडल्यासारखी, आणि तिच्यात एका हस्तलिखित पानाची प्रतिकृती. ते पान दाविद ग्राबेरचं. वय १९. ऑगस्ट १९४२ च्या सुरुवातीला, बाहेर रस्त्यांवरून माणसं हाकलत नेली जात असताना, तो, १८ वर्षांचा नाहुम ग्झिवाच आणि त्यांचे शिक्षक इस्राएल लिख्तेनश्ताइन तळघरात खड्डा खणत होते. पेट्या भरून झाल्यावर तिघांनी शेवटी एकेक कागद स्वतःबद्दल लिहून वर ठेवला. ग्राबेर लिहितो, जे आम्हाला जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं. अक्षर घाईचं आहे. मला यिडिश ही इथल्या ज्यूंची भाषा येत नाही, पण घाईत लिहिलेलं अक्षर कुठल्याही लिपीतलं असलं तरी ओळखू येतं.

गुरुवार: टाकाऊ म्हणून न टाकलेलं

(गुरुवारी पोलंडच्या ज्यूंच्या इतिहासाच्या पोलिन म्युझियमचं कायमस्वरूपी दालन फुकट असतं, मंगळवारी बंद. ज्यू इतिहास संस्था शनिवारी बंद. वेळा बदलतात, निघण्याआधी बघून घ्या. आणि दोन्ही एका दिवसात करू नका. आम्ही केलं आणि संध्याकाळी बोलायचं त्राण राहिलं नाही.)

पोलिनला आधी गेलो हे बरं झालं. तिथे हजार वर्षं आहेत. बाजार, छापखाने, भांडणं, लग्नं, आणि एका लाकडी सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराचं, पुन्हा रंगवून उभं केलेलं छत, ज्यावर राशी आणि प्राणी आहेत आणि निळा रंग असा की मान दुखेपर्यंत वर बघावं. पोलंडमध्ये ३३ लाख ज्यू होते, त्यातले ३० लाख मारले गेले. हे आकडे ऐकायच्या आधी ती माणसं कशी राहत होती, कशावर हसत होती, काय खात होती हे माहीत असायला हवं. युरोपभर मिळून ६० लाख. आकडा एवढा मोठा झाला की माणूस त्याच्यामागे दिसेनासा होतो, ही माझी जुनी अडचण आहे. दारातच घेटोच्या लढवय्यांचं स्मारक आहे. १९ एप्रिल १९४३ ला घेटोतल्या तरुणांनी पिस्तुलं आणि घरगुती बाँब घेऊन जर्मन सैन्याशी लढाई सुरू केली, ती जवळजवळ महिनाभर चालली. दरवर्षी त्या दिवशी गावात कागदी पिवळी डॅफोडिल वाटतात. आठवडाही झाला नव्हता. पायऱ्यांवर खरे गुच्छ सुकत होते आणि एक कागदी फूल वाऱ्यानं भिंतीच्या कडेला जाऊन बसलं होतं.

ज्यू इतिहास संस्थेची इमारत १९३६ ची, तेव्हाची ज्यू ग्रंथालयाची. शेजारी मोठं सिनेगॉग होतं. उठाव मोडल्यावर १६ मे १९४३ ला ते सुरुंगानं उडवलं. त्या आगीत या इमारतीच्या दालनातली फरशी पोळली, ती बदललेली नाही. आत शिरल्यावर पहिलं पाऊल त्या काळ्या डागांवर पडतं.

याच इमारतीत इमान्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराची माणसं शनिवारी जमत. म्हणून त्या गटाचं नाव ओनेग शब्बात, शब्बाथचा आनंद. शिक्षक, रब्बी, पत्रकार, अर्थतज्ज्ञ, कवी, विद्यार्थी असे काही डझन जण. रिंगेलब्लूमचा आग्रह असा की सगळं गोळा करायचं आणि सगळ्यांकडून लिहून घ्यायचं. घेटोतली लग्नं, चोरटा व्यापार, ज्यू पोलिसांची लाचखोरी, बायकांची कामं, रस्त्यावरचे विनोद. मुलांचे निबंध. ट्रॅमची तिकिटं, खाऊच्या गोळ्यांचे कागद, सूपच्या चिठ्ठ्या, भिंतीवरची जाहीर पत्रकं. आपल्याच लोकांची वाईट बाजूसुद्धा लिहायची, कारण उद्या दुसऱ्या कुणी ती अर्धवट सांगू नये. मला यात फार मोठं धैर्य दिसतं. मी आयुष्यभर जे कागद वाचले ते बहुतेक जिंकलेल्याचे, सरकारचे किंवा सावकाराचे. ज्याची जमीन गेली त्याच्या हातचा कागद शंभरात एक मिळत नाही. इथे ज्यांना मारायचं ठरलं होतं त्यांनीच दप्तर ठेवलं, जवळजवळ ३५ हजार पानांचं.

खेल्मनोच्या मृत्युछावणीतून निसटलेल्या एकाची जबानी या गटानं लिहून घेतली, पोलिश भूमिगतांमार्फत लंडनला अहवाल पोचवले, आणि जून १९४२ मध्ये बीबीसीवरून पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीची बातमी गेली. तिचा उपयोग काही झाला नाही. एका महिन्यात वॉर्साची पाळी आली.

काचेमागे दुधाची किटली आहे. आमच्याकडे पहाटे डेअरीला दूध घालायला मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना अडकवून नेतात, तसलीच. गळा अरुंद, झाकण घट्ट, अंग गंजानं खवलेलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये दुसरा साठा अशा दोन किटल्यांत भरून त्याच शाळेखाली पुरला. १९४२ च्या पहिल्या साठ्याला पत्र्याच्या दहा पेट्या होत्या. त्या १८ सप्टेंबर १९४६ ला सापडल्या, त्यांत पाणी होतं. बऱ्याच पानांची शाई गेली. किटल्या १ डिसेंबर १९५० ला, नवी मुरानुव वस्ती बांधणाऱ्या मजुरांना लागल्या, आणि आतले कागद चांगले राहिले होते. झाकण. फरक फक्त झाकणाचा. हे मला तिथे उभं राहून एकदम समजलं आणि मी भाचीचा दंड धरला. ती म्हणाली, ‘मावशी, बसतेस का थोडं?’

भिजलेल्या पानांपुढेही बराच वेळ गेला. कडा विरलेल्या, शाई पसरलेली, घडीवर पान फाटलेलं. ती कुणीतरी माझ्यासारखीच एकेक करून सोडवली असणार.

लिख्तेनश्ताइननं शेवटच्या कागदात स्वतःसाठी आभार, स्तुती किंवा स्मारक मागितलेलं नाही. बायकोची आठवण ठेवा म्हणतो, गेला सेक्श्ताइन, ती चित्रकार होती, तिची तीनशेवर चित्रं त्या पेट्यांत गेली. आणि मुलीची आठवण ठेवा. मार्गालित, आज वीस महिन्यांची. यिडिश स्वच्छ बोलते, असं लिहिलंय. मुलगी बोलायला लागल्याचं कौतुक बापानं त्या तळघरात, तेवढ्या घाईत, कागदावर उतरवलं. तिघंही गेली. ग्राबेर आणि ग्झिवाचही वाचले नाहीत. रिंगेलब्लूम, त्याची बायको आणि मुलगा उरी एका बागेखालच्या तळघरात लपले होते. मार्च १९४४ मध्ये सुगावा लागला. त्यांना गोळ्या घातल्या, आणि ज्या पोलिश कुटुंबानं लपवलं त्यातल्यांनाही. गटातले तिघंच वाचले असं सांगतात, हेर्श वासेर, त्याची बायको ब्लूमा आणि राखेल आउअरबाख. पेट्या कुठे पुरल्यात ते वासेरला माहीत होतं म्हणून त्या मिळाल्या.

रात्री जवळच्या ‘मिल्क बार’मध्ये जेवलो. ही साम्यवादी काळापासूनची स्वस्त खानावळ, नाव दुधाचं असलं तरी सगळं मिळतं. बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या पिएरोगी घेतल्या, आपल्या उकडीच्या करंज्याच. (शाकाहारी असाल तर वरून डुकराच्या चरबीचे तुकडे घालू नका असं आधीच सांगा.) बीटचं आंबट सूप आलं. राखेल आउअरबाख घेटोत सूपचं स्वयंपाकघर चालवत होती, आणि तिथे येणाऱ्या माणसांबद्दल तिनं लिहून ठेवलंय. रोज वाटीभर पाणीदार सूप देऊनही ती डोळ्यांदेखत मरत होती. मी वाटी शेवटपर्यंत संपवली. टाकणं शक्य नव्हतं.

शुक्रवार: ट्रेब्लिंका

वॉर्साच्या ज्यूंना नेऊन मारलं ती छावणी ट्रेब्लिंकाची. तिथे थेट बस किंवा गाडी नाही. वॉर्साहून बियावीस्तोकच्या मार्गावर माव्किन्या स्टेशनपर्यंत रेल्वे, तासाभराहून थोडं जास्त, आणि पुढे टॅक्सी. टॅक्सीवाल्याशी परतीचं आधीच ठरवा, तिथे दुसरी गाडी मिळत नाही. पाणी आणि खायचं बरोबर घ्या. किमान चार तास द्या.

हाच तो रेल्वेमार्ग. २२ जुलै १९४२ पासून दोन महिने वॉर्साच्या स्ताव्की रस्त्यावरच्या उमश्लागप्लात्स या माल चढवण्याच्या आवारातून रोज गाड्या सुटत होत्या. घेटोच्या ज्यू मंडळाचा प्रमुख आदाम चेर्न्याकुव यानं दुसऱ्याच दिवशी विष घेतलं. सप्टेंबर संपता संपता अडीच लाखांहून जास्त माणसं गेली होती. गुरांच्या बंद वॅगनी, पाणी नाही, ऐन उन्हाळा. भाचीनं मोबाईलवर तिकीट दाखवलं आणि मला वाचलेलं आठवलं, जर्मन रेल्वे या प्रवाशांचं भाडं लावत असे. तिसऱ्या वर्गाचा दर, लहान मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना माफ. त्याचंही दप्तर होतं, नीट, तक्त्यात. माझ्या समोरच्या बाकावर एक कॉलेजची मुलगी सफरचंद खात खिडकीतून बघत होती. बाहेर सपाट शेतं, बर्च, विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी.

टॅक्सीवाले काका साठीच्या पुढचे. बूग नदीच्या पुलावर त्यांनी गाडी हळू केली. त्यांची आजी या बाजूच्या खेड्यातली. तिनं सांगितलेलं, की त्या वर्षी घराच्या खिडक्या उन्हाळ्यातही बंद ठेवत. वास यायचा. एवढंच ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, कुणी न विचारता, की युद्धानंतर इथले काही लोक फावडी घेऊन तिथे सोनं शोधायला गेले, आणि त्याचीही त्यांना लाज वाटते. भाचीनं भाषांतर करताना आवाज खाली आणला. मी काकांना नमस्कार केला. दुसरं काय करणार.

छावणीचं काही उरलेलं नाही. ऑगस्ट १९४३ मध्ये कैद्यांनी उठाव केला, इमारती पेटवल्या, काही शे जण कुंपणापलीकडे पळाले आणि त्यातले सुमारे सत्तरच युद्ध संपेपर्यंत जगले. नंतर जर्मनांनी सगळं पाडलं, नांगरलं आणि वर एक शेतघर बांधलं, जणू तिथे कायम शेतीच होती. जुलै १९४२ ते १९४३ या साधारण सव्वा वर्षात इथे किमान ८ लाख ज्यू मारले गेले. नाझींच्या एसएस दलाचे पंचवीस-तीस जण आणि शंभरभर पहारेकरी एवढ्यांनी. राहायच्या बराकी फक्त कामाला ठेवलेल्या थोड्यांसाठी होत्या. बाकी कुणाला इथे राहायचंच नव्हतं, गाडीतून उतरल्यापासून दोनेक तासांत संपत. फलाटावर एका वेळी वीसच वॅगनी मावत, म्हणून गाडीचे तुकडे करून आत ढकलत, आणि उरलेले बाहेर थांबून असत. पुढे त्या फलाटाला खोटं स्टेशन बनवलं. तिकीटखिडकी रंगवलेली. घड्याळही रंगवलेलं, काटे न हलणारे.

हे आपल्याला कसं कळतं? आब्राहाम क्शेपित्स्की अठरा दिवसांनी इथून कपड्यांच्या गाडीत लपून निसटला आणि परत घेटोत आला. राखेल आउअरबाखनं त्याच्याकडून सगळं ऐकून लिहून घेतलं. ते कागद किटलीत गेले. तो उठावात मारला गेला. जर्मनांनी नांगरलेली जमीन त्यानं दिवसवार सांगून ठेवली होती.

पाईनच्या रानातून चालत गेलं की काँक्रीटचे स्लीपर लागतात, रूळ नसलेले, रांगेनं झाडांत गेलेले. मग मोकळं मैदान आणि त्यात १७ हजार दगड. ओबडधोबड, कुणी गुडघ्याएवढे, कुणी माणसाहून उंच. काहींवर गावांची नावं. गावंच्या गावं इथे संपली म्हणून गावाच्या नावाचे दगड. त्यांच्यावर शेवाळ आणि पिवळसर दगडफूल आहे, मुंग्यांच्या रांगा आहेत, पक्षी भरपूर बोलत होते. पाऊस भुरभुरायला लागला आणि ओल्या ग्रॅनाइटचे रंग वर आले, गुलाबी, राखाडी, काळा. मधे काळ्या बसाल्टचा वितळून थिजल्यासारखा लांब खड्डा आहे, जिथे प्रेतं जाळत त्या जागेची खूण.

इतक्या दगडांत माणसाचं नाव एकाच दगडावर. यानुश कोर्चाक, घेटोतलं अनाथालय चालवणारा, आणि मुलं. भाचीनं खिशातून एक खडा काढून त्यावर ठेवला. ज्यू लोक फुलं नाही, खडा ठेवतात. तिला हे कुणी सांगितलं होतं मला माहीत नाही.

पुढे दोन किलोमीटरवर खडीच्या खाणीपाशी दुसरी, सक्तमजुरीची छावणी होती, तिथवर कैद्यांनीच बांधलेला रस्ता जातो. आम्ही अर्ध्यातून परतलो. गुडघ्यांचं निमित्त होतं.

शनिवार

ओकोपोवा रस्त्यावरच्या ज्यू दफनभूमीत जायचं ठरवून ट्रॅमनं गेलो आणि फाटक बंद. शब्बाथ. चूक माझीच, शनिवार हा त्यांचा सुट्टीचा वार इतकं वाचूनही लक्षात राहिलं नाही. उद्यावर टाकलं आणि संस्कृती महालाशेजारच्या बागेत गेलो. कोर्चाकचा पुतळा आहे, मुलं त्याला बिलगलेली. त्याचं अनाथालय घेटोत शेवटी या भागात होतं.

डॉक्टर, लेखक, रेडिओवर लोकप्रिय. त्याला भिंतीबाहेर काढायची तयारी बऱ्याच जणांनी दाखवली, तो गेला नाही. १८ जुलै १९४२ ला, गाड्या सुरू व्हायच्या चार दिवस आधी, त्यानं मुलांकडून रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ बसवून घेतलं. आजारी अमल खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट बघतो, ते नाटक. ऑगस्टच्या सुरुवातीला सुमारे दोनशे मुलं, कोर्चाक आणि त्याची सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का रस्त्यानं रांगेत चालत उमश्लागप्लात्सला गेली. शांतिनिकेतनात लिहिलेला अमल त्या उपाशी मुलांतल्या एकानं उभा केला, त्याच्यासाठी कुणीतरी खाट मांडली असेल, दहीवाला कुणीतरी झाला असेल. मी शाळेत असताना अमलची मैत्रीण सुधा झाले होते. फुलांची परडी घेऊन शेवटी यायचं असतं. ‘सुधा तुला विसरली नाही’ एवढं सांगायचं असतं.

संध्याकाळी स्ताव्कीला जाऊन आलो. पांढऱ्या संगमरवरी भिंती, त्यांवर आडनावांशिवाय नुसती ४४८ नावं. भाची मोठ्यानं वाचत गेली, मला लिपी सवयीची नाही म्हणून. आबा, आदाम, अशी अक्षरानुसार. आबा या नावाशी आम्ही दोघी थबकलो, कारण आमच्या घरात आजोबांना आबा म्हणत.

रविवार: तिसरा साठा

ओकोपोवाची दफनभूमी १८०६ ची, दोन लाखांवर थडगी, त्यावर मेपलचं रान माजलेलं. (पुरुषांनी डोकं झाकायचं. पायवाटा चिखलाच्या, चांगले बूट हवेत.) एस्पेरांतो भाषा घडवणारा झामेनहोफ इथे आहे, चेर्न्याकुव आहे, उठावाच्या म्होरक्यांपैकी वाचलेला मारेक एदेलमान आहे. आणि मधे गवताचा मोठा खोलगट भाग, भोवती उभे दगड. घेटोत रस्त्यावर मेलेल्यांना गाड्यावरून आणून इथे एकत्र पुरत.

मग क्रासिन्स्की बागेकडे. माँते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ एक छोटं स्मारक आहे, कोल्हापूरचं. १९४३ ते १९४८ आमच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. माझी आई लहानपणी त्यांना बघायला जायची, त्यांच्या वेण्यांचं वर्णन करायची. त्यांची हकीकत वेगळी, त्यांना सोव्हिएत राजवटीनं सैबेरियाकडे नेलेलं होतं, इराणमार्गे ते आले, त्यात ज्यू अगदी थोडे. दोन्हींची गल्लत करू नये. पण कोल्हापूर हे नाव तिथे दगडावर वाचताना गळा दाटला, आणि एक विचार मनातून जाईना. ज्या वर्षी वळिवड्यात या लोकांसाठी घरं उभी राहत होती, त्याच वर्षी या बागेच्या कडेला घेटो जळत होता आणि तिथल्या माणसाला जायला जागा नव्हती. जगभरच्या दारांवर व्हिसा, कोटा, नकार.

बाग ओलांडली की श्व्येंतोयेर्स्का रस्ता. ओनेग शब्बातचा तिसरा साठा इथे, ब्रश बनवायच्या कारखान्याच्या आवारात, उठावाच्या आधी पुरला असं मानतात. तो मिळालेला नाही. आज त्या जागी चिनी वकिलातीचं आवार आहे. शोध झाला, पेटी हाती लागली नाही.

आम्ही कुंपणाबाहेर उभ्या होतो. सकाळपासून दाटलेलं आभाळ फुटलं. फुटपाथच्या कडेनं पाणी वाहायला लागलं आणि आतल्या हिरवळीवर थेंबांनी माती उडत होती. भाचीनं छत्री माझ्यावर धरली. ‘मावशी, कशात पुरलं असेल गं? पेटीत की किटलीत?’

‘किटलीत असावं,’ मी म्हटलं. ‘झाकण नीट बसवलेलं असावं.’